कंत्राटदार वाढतो तेव्हा खात्याकडे काय उरते? निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सरकारी खात्यांसाठी संगणक-प्रणालींच्या निविदा लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व अधिकारी

विषय : एका कंत्राटदार कंपनीचा इतिहास आणि त्यावरून काही विनंत्या

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपण निविदा लिहिता आणि मी बरीच वर्षे निविदांना उत्तरे लिहीत आलो आहे. अपेक्षांच्या तक्त्यात ओळीमागून ओळ ‘पूर्तता होते’ असे भरत जायचे, निविदापूर्व बैठकीत विचारायच्या शंका साळसूद भाषेत मांडायच्या, आणि मुदतीच्या आदल्या संध्याकाळी शुद्धिपत्रक निघाले की रात्रभर बसून प्रस्ताव पुन्हा जुळवायचा, हे माझे काम. या कामात एक नजर तयार होते. निविदा लिहिणाऱ्याला काय हवे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक आहे, की एखाद्या पुरवठादाराचे माहितीपत्रक समोर ठेवून ती उतरवली आहे, हे पहिल्या वीस पानांत कळते. दुसऱ्या प्रकारची निविदा हाती आली की आमच्या बाजूला आनंद होतो, कारण अशा कामातला खरा पैसा मूळ किमतीत नसतो, तो नंतरच्या बदलांत असतो, हे आम्ही जाणून असतो.

या पत्रात मी सायन्स ॲप्लिकेशन्स इंटरनॅशनल कॉर्पोरेशन, म्हणजे एसएआयसी, या अमेरिकी कंपनीची हकीकत मांडणार आहे. तिचा पन्नासहून अधिक वर्षांचा सरकारी व्यवहार लेखापरीक्षणाचे अहवाल, संसदीय सुनावण्या आणि न्यायालयीन कागदपत्रे यांमुळे बराचसा उघड आहे, म्हणून ही निवड. कंपनीला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. तिने अनेक कामे उत्तम केली. माझे लक्ष टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे आपल्या बाजूला, आहे.

रॉबर्ट बाइस्टर हे भौतिकशास्त्रज्ञ. लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत आणि नंतर जनरल ॲटॉमिक या कंपनीत काम केल्यावर त्यांनी 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील ला होया येथे सायन्स ॲप्लिकेशन्स ही छोटी कंपनी काढली. सुरुवातीची कामे अणुऊर्जा आणि अण्वस्त्रांचे परिणाम यांवरील अभ्यासाची होती, म्हणजे विकण्याजोगी कोणतीही वस्तू कंपनीकडे नव्हती. तिच्याकडे होती ती माणसे, आणि त्या माणसांना सरकारी प्रयोगशाळांतले प्रश्न आतून माहीत होते. कंपनीची मालकी बाइस्टर यांनी कर्मचाऱ्यांत वाटायला सुरुवात केली. जो काम आणील त्याला समभाग मिळत, आणि ज्याने काम आणले त्यालाच त्या कामासाठी माणसे नेमण्याची आणि ते चालवण्याची मोकळीक असे. समभाग बाजारात नोंदवलेले नव्हते, त्यामुळे कर्मचाऱ्यांना ते आपापसांत विकता-घेता यावेत म्हणून कंपनीने ‘बुल’ नावाची स्वतःची दलाली संस्थाच काढली. ही रचना मला आजही विलक्षण वाटते. प्रत्येक शास्त्रज्ञ हा एक छोटा व्यावसायिक झाला, आणि प्रत्येकाचे एक पाऊल कोणत्या ना कोणत्या सरकारी कार्यालयात राहिले.

अशी कंपनी वाढते ती ओळखींतून आणि पूर्वानुभवाच्या दाखल्यांतून. आपल्या निविदांतही ‘मागील अमुक वर्षांत तत्सम काम केल्याचा पुरावा’ ही अट असते, आणि तिचा परिणाम आपण जाणता : ज्याला पहिले काम मिळाले त्याला दुसरे मिळणे सोपे होते, आणि दहावे काम दुसऱ्या कोणाला मिळणे जवळजवळ अशक्य होते. एसएआयसीच्या संचालक मंडळावर वेगवेगळ्या काळात संरक्षणमंत्रीपद भूषवलेले मेल्विन लेअर्ड, पुढे संरक्षणमंत्री झालेले विल्यम पेरी आणि राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे माजी संचालक ॲडमिरल बॉबी इनमन अशी माणसे होती. यात बेकायदेशीर काही नव्हते. खात्याच्या गरजा खात्याबाहेर कोणाला सर्वांत आधी कळत असतील, याचा अंदाज मात्र त्यावरून येतो. बाइस्टर 2004 मध्ये अध्यक्षपदावरून बाजूला झाले, तेव्हा कंपनीत 40,000 हून अधिक कर्मचारी होते आणि वार्षिक उलाढाल 6 अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती.

ही वाढ एका बाजूने झाली असे समजणे चूक ठरेल. बाजारात मिळणारी वस्तू किंवा सेवा सरकारने स्वतः तयार करू नये, हे धोरण अमेरिकेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने 1955 मध्येच जाहीर केले होते, आणि 1966 मध्ये ‘ए-76’ या परिपत्रकाने ते पक्के केले. 1994 च्या कायद्याने केंद्र सरकारी नोकऱ्यांतून सुमारे 2,73,000 पदे कमी करण्याचे लक्ष्य ठरवले. पदे कमी झाली, कामे कमी झाली नाहीत. संगणकाचे काम करणारी, म्हणजे निविदा तांत्रिकदृष्ट्या वाचू शकणारी, माणसे टिकवणे खात्यांना अवघड होत गेले आणि ती कंत्राटदारांकडे दिसू लागली, बहुधा अधिक पगारावर. सप्टेंबर 2001 नंतर सुरक्षेच्या कामांसाठी पैसा वाहू लागला, तेव्हा तो मोजून घेणारे हात खात्यांत पुरेसे उरले नव्हते.

याच्या नेमके उलट उदाहरणही याच कंपनीच्या इतिहासात सापडते, आणि ते मला सर्वांत बोलके वाटते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काही सरकारी प्रोग्रॅमर डॉक्टर-परिचारिकांच्या शेजारी बसून मम्प्स या भाषेत रुग्णालयाची प्रणाली लिहू लागले. मुख्यालयाला हे विकेंद्रित काम मान्य नव्हते आणि ते थांबवण्याचे प्रयत्न झाले. त्यामुळे या मंडळींनी स्वतःला ‘भूमिगत रेल्वे’, म्हणजे अमेरिकेत एकेकाळी गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याचे नाव, असे गमतीने म्हणवून घेतले. 1980 च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता मिळाली. सरकारी नोकरांनी लिहिलेली असल्यामुळे ती प्रणाली सार्वजनिक मालकीची होती. पुढे संरक्षण खात्याला लष्करी रुग्णालयांसाठी प्रणाली हवी होती, तेव्हा 1988 मध्ये एसएआयसीने हाच सरकारी गाभा सुधारून घेऊन सुमारे 1 अब्ज डॉलरचे कंत्राट मिळवले. ती प्रणाली जगभरच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयांत बसवली गेली आणि अनेक वर्षे चालली. कंपनीचे कौतुक यासाठी की तिने चांगली वस्तू ओळखली. पण त्या कामाचा पाया ज्यांना काम माहीत होते आणि ज्यांच्या हाती संगणकही होता अशा खात्यातल्याच माणसांनी घातला होता, ही गोष्ट यशोगाथा सांगताना सहसा गाळली जाते.

डोमेन नावांचे, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांचे, प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात घोटाळा नाही, फक्त दुर्लक्ष आहे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने 1993 पासून इंटरनेटवरील नावांच्या नोंदणीचे काम नेटवर्क सोल्यूशन्स या लहान कंपनीला दिले होते. एसएआयसीने मार्च 1995 मध्ये ती सुमारे 47 लाख डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून प्रत्येक नावासाठी वर्षाला 50 डॉलर आकारण्याची परवानगी मिळाली, आणि 2000 मध्ये व्हेरीसाइन या कंपनीने नेटवर्क सोल्यूशन्स 21 अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात घेण्याचा करार जाहीर केला. कंत्राट देणाऱ्यांच्या दृष्टीने ते नोंदवही सांभाळण्याचे किरकोळ काम होते. ते काम पुढे काय होऊ शकते हे ओळखायला लागणारी नजर सरकारकडे त्या क्षणी नव्हती, कंपनीकडे होती.

आता ज्या प्रकरणासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. 2001 मध्ये एफबीआयचे तपास अधिकारी हिरव्या अक्षरांच्या जुन्या पडद्यांवर चालणारी एक प्रणाली वापरत होते. ती इतकी अडचणीची होती की अनेकजण अर्ज कागदावर भरत, वरिष्ठांच्या सह्या घेत, आणि कागदाची फाइल हीच खरी नोंद मानली जाई. त्या वर्षी जूनमध्ये एसएआयसीला नवी प्रणाली करण्याचे काम मिळाले. तीन महिन्यांनी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरील हल्ले झाले आणि कामाचा आवाका बदलला : जुन्याला नवा पडदा लावण्याऐवजी सगळे नव्याने बांधायचे ठरले. त्या नव्या कामाचे नाव व्हर्च्युअल केस फाइल.

अपेक्षांचा दस्तऐवज 800 हून अधिक पानांचा झाला. पडद्यावर कोणते बटण कुठे असावे इथपर्यंतचा तपशील त्यात होता, पण सगळ्या खात्याच्या माहितीची एकत्रित रचना काय असेल याचा आराखडा खात्याकडे नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी अशी जाड निविदा लिहिली आहे त्यांना हे चमत्कारिक वाटणार नाही. बटणाबद्दल प्रत्येकाला मत असते. माहितीची मालकी कोणाकडे, जुनी माहिती नव्यात कशी येणार, चुकले तर मागे कसे यायचे, या प्रश्नांवर बैठकीत शांतता पसरते. जुनी प्रणाली एका झटक्यात बंद करून सगळ्यांना नव्यावर आणायचे, असेही ठरले होते. चार वर्षांत मुख्य माहिती अधिकाऱ्याच्या खुर्चीवर पाच जण येऊन गेले. कंत्राट ‘झालेला खर्च अधिक मोबदला’ या पद्धतीचे होते, आणि त्यात ठोस टप्पे, थांबून विचार करण्याचे मुक्काम किंवा उशिराबद्दल दंड यांची पुरेशी तरतूद नव्हती.

डिसेंबर 2003 मध्ये कंपनीने सुमारे सात लाख ओळींची प्रणाली सुपूर्द केली आणि एफबीआयने ती नाकारली. खात्याने सुमारे 400 बदल सुचवले, असे कंपनीचे म्हणणे; काम निकृष्ट आहे, असे खात्याचे. लवादाने 59 मुद्दे तपासले, तेव्हा त्यांतील 19 खात्याने मागाहून बदललेल्या अपेक्षा निघाल्या आणि 40 कंपनीच्या चुका निघाल्या. हे दोन आकडे मी मुद्दाम देत आहे, कारण अशा प्रसंगी दोन्ही बाजू आपापल्या फाइली घेऊन बसतात आणि दोघांच्याही फाइलीत तथ्य असते. 2005 मध्ये काम सोडून देण्यात आले. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या हिशोबाप्रमाणे प्रकल्पाचा खर्च 17 कोटी डॉलर होता, आणि त्यांतील 10 कोटींहून अधिक रकमेच्या कामाचा काहीही उपयोग होणार नव्हता.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्या जागी 2006 मध्ये सेंटिनेल नावाचा प्रकल्प लॉकहीड मार्टिन या संरक्षण क्षेत्रातील कंपनीला देण्यात आला. तोही रेंगाळला. सप्टेंबर 2010 मध्ये एफबीआयने त्याची सूत्रे स्वतःकडे घेतली, कंत्राटी माणसांची संख्या बरीच कमी केली, काम छोट्या तुकड्यांत पाडले, आणि दर काही आठवड्यांनी चालते काय झाले हे वापरणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवायला सुरुवात केली. जुलै 2012 मध्ये प्रणाली सुरू झाली. दिलेल्या मुदती तिथेही हुकल्या, म्हणून तिला चमत्कार म्हणणार नाही. पण दहा-अकरा वर्षांत सुटले नव्हते ते सुटले, आणि बदलली होती ती मुख्यतः एक गोष्ट : ‘हे झाले का’ या प्रश्नाचे उत्तर खाते आता स्वतः देऊ शकत होते.

न्यूयॉर्क शहराच्या सिटीटाइम प्रकल्पाचा विषय आणखी अप्रिय आहे. पालिका कर्मचाऱ्यांची हजेरी आणि कामाचे तास संगणकावर नोंदवायचे, एवढेच ते काम. 1998 मध्ये ठरलेली किंमत होती 6.3 कोटी डॉलर. मूळ कंत्राटदाराकडून काम एसएआयसीकडे आले, आणि 2010 पर्यंत शहराने कंपनीला 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. वळण आले ते 2006 च्या दुरुस्तीने. तोपर्यंत किंमत ठरावीक होती, म्हणजे वाढीव खर्च कंपनीच्या अंगावर. दुरुस्तीनंतर कामाच्या तासांप्रमाणे पैसे द्यायचे ठरले आणि वाढीव खर्च शहराच्या अंगावर आला. एका करारदुरुस्तीची ही किंमत आहे. माझ्या अनुभवात असे बदल ‘प्रशासकीय स्वरूपाचे’ म्हणून ठेवले जातात आणि बैठकीच्या शेवटी, चहा आल्यावर, संमत होतात.

तास वाढवण्यात आता ज्यांचा फायदा होता त्यांनी ते वाढवले. कंपनीचा प्रकल्पप्रमुख उपकंत्राटदाराकडून तासांच्या हिशोबाने लाच घेत होता, आणि शहराने कंपनीच्या कामावर देखरेखीसाठी नेमलेला बाहेरचा सल्लागारही त्याच कटात होता. कामही बाहेर दिले होते आणि कामावरची नजरही बाहेर दिली होती. अटका डिसेंबर 2010 मध्ये झाल्या, मुख्य आरोपींना 2014 मध्ये 20 वर्षांच्या शिक्षा झाल्या, आणि कंपनीने मार्च 2012 मध्ये खटला टाळण्यासाठी सुमारे 50 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांतील मोठा वाटा शहराला परत मिळाला. प्रणाली मात्र चालते. या गोष्टीचा विरोधाभास असा की काम झालेच नाही, असेही म्हणता येत नाही.

कंपनी एव्हाना कर्मचाऱ्यांची राहिली नव्हती. 2006 मध्ये तिचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले, 2009 मध्ये मुख्यालय सॅन डिएगोहून व्हर्जिनियात, म्हणजे ग्राहकाच्या दाराशी, गेले. सप्टेंबर 2013 मध्ये तिचे दोन भाग झाले : मूळ कंपनीने लायडोस हे नाव घेतले आणि सेवा देणारा भाग एसएआयसी या जुन्या नावाने वेगळा निघाला. कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण हितसंबंधांच्या संघर्षाचे होते. काय विकत घ्यावे याचा सल्ला खात्याला देणाऱ्या कंपनीने तीच वस्तू विकण्याच्या स्पर्धेत उतरू नये, असा अमेरिकेचा नियम आहे, आणि कंपनी इतकी पसरली होती की तिचा एक हात दुसऱ्याच्या आड येऊ लागला. 2015 मध्ये लष्करी रुग्णालयांच्या नव्या प्रणालीचे 4.3 अब्ज डॉलरचे कंत्राट लायडोसच्या गटाला मिळाले, म्हणजे 1988 मध्ये बसवलेली प्रणाली काढून नवी बसवण्याचे काम पुन्हा त्याच घराण्याकडे आले. 2016 मध्ये लॉकहीड मार्टिनचा माहिती-प्रणालींचा विभागही लायडोसमध्ये विलीन झाला. एफबीआयच्या पहिल्या प्रयत्नाचा कंत्राटदार आणि दुसऱ्याचा कंत्राटदार असे एकाच छताखाली आले. 2024 मध्ये लायडोसची उलाढाल 16 अब्ज डॉलरच्या पुढे होती.

अमेरिकेने यातून काहीच घेतले नाही, असे नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडल्यावर तंत्रज्ञांना थेट सरकारी सेवेत आणण्याचे प्रयत्न झाले, आणि 2014 मध्ये ‘18 एफ’ हा छोटा गट उभा राहिला. खात्यांसाठी प्रणाली लिहिणे आणि अधिकाऱ्यांना लहान, तपासता येतील अशी कंत्राटे लिहायला मदत करणे, हे त्याचे काम. मार्च 2025 मध्ये तो गट बंद करण्यात आला. क्षमता उभी करायला दहा वर्षे लागतात आणि मोडायला एक आदेश पुरतो, तेव्हा ती केवळ काही उत्साही माणसांच्या भरवशावर न ठेवता आस्थापनेच्या मंजूर पदांत बसवली पाहिजे.

म्हणून माझी विनंती पदांपासून सुरू होते. कोणत्याही मोठ्या प्रणालीची निविदा काढण्यापूर्वी, कंत्राटदाराने दिलेला कोड उघडून वाचू शकतील आणि खात्याचे कामही ओळखतील अशी तीन-चार माणसे खात्याच्या पगारावर असल्याची खात्री करावी. सल्लागार नेमावेत, पण त्यांच्या अहवालावर सही करणारा त्यांच्याइतका जाणकार असावा. ज्या संस्थेने निविदा लिहायला मदत केली तिला बोली लावण्यास मनाई असावी, आणि देखरेख करणाऱ्याचे बिल कंत्राटाच्या रकमेबरोबर वाढत जाईल अशी व्यवस्था कुठेही नसावी. कोड, माहितीची रचना आणि कागदपत्रे खात्याच्या मालकीची आहेत, हे वाक्य बहुतेक निविदांत असते. ते खरे आहे की नाही हे पाहण्याचा सोपा मार्ग असा की पहिल्या सहा महिन्यांतच, कंत्राटदाराच्या मदतीशिवाय, खात्यातल्या संगणकावर ती प्रणाली नव्याने उभी करून पाहावी. जमली नाही तर पुढचा हप्ता थांबवावा. पूर्वानुभवाची अट इतकी उंच ठेवू नये की एकच उंच माणूस आत येईल. आणि काम इतके मोठे करू नये की ते फसल्याचे कबूल करणे कोणालाच परवडणार नाही.

शेवटची विनंती सर्वांत स्वस्त आहे. निविदा आपण प्रसिद्ध करता, कार्यादेशही बहुधा प्रसिद्ध होतो. त्यानंतर होणारी प्रत्येक करारदुरुस्ती, तिची तारीख, तिने वाढलेली रक्कम, वाढीव खर्चाचा भार कोणाकडून कोणाकडे गेला, आणि ती कोणाच्या सहीने मंजूर झाली, हे एका पानाच्या तक्त्यात त्याच संकेतस्थळावर त्याच आठवड्यात टाकावे. त्यासाठी नवी प्रणाली लागत नाही, नवा कंत्राटदार तर नाहीच.

आपला विश्वासू,
निविदांना उत्तरे लिहिणारा एक जुना मसुदाकार